शनिकाळ म्हणजे शनी ग्रह नव्हे: गूढ ख्रिस्ती विश्वरचना वाचताना गाठ कुठे बसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मॅक्स हायन्डेल ह्या ख्रिस्ती गूढवादी लेखकाचं ‘द रोझिक्रुशियन कॉस्मो-कन्सेप्शन’ वाचायला घेतलं, पहिला भाग समजला. दुसऱ्या भागात मात्र सात जगं, सात काळ, सात गोल, सात फेऱ्या आणि त्यावर लेमुरियन, अटलांटियन अशी पर्वं, हे सगळं अंगावर आलं. मदतीला त्याच काळातला दुसरा गूढवादी रुडॉल्फ स्टायनर घेतला, तर गोंधळ वाढलाच. पृथ्वीकाळात माणसाला ‘मी’ मिळाला असं तो म्हणतो, हायन्डेल म्हणतो ‘मन’ मिळालं. मग शनिकाळात आपण शनी ग्रहावर होतो की काय? हे विज्ञानात कुठे बसतं? ह्याला ख्रिस्ती म्हणायचं का? रोज करायचं काय? आणि एक गट ‘आतली दीक्षा’ देतो म्हणून पैसे मागतोय, तिथे जावं का?

प्रश्न बरेच दिसतात, पण मुख्य गाठ एकच आहे. जगं हे ‘कुठे’चं उत्तर आहे आणि काळ हे ‘केव्हा’चं. तुम्ही दोन्ही एकाच शिडीच्या पायऱ्या समजून वाचताय, आणि त्यात दोन लेखकांचे नकाशे एकावर एक ठेवलेत. आधी ही गाठ सोडवू, मग बाकीचे प्रश्न निम्मे आपोआप सुटतील.

किती खोलात जायचं हे तुम्ही कशासाठी वाचताय ह्यावर अवलंबून आहे. विचारांचा इतिहास म्हणून वाचत असाल तर तीन-चार लेखक शेजारी शेजारी उघडे हवेत. साधना म्हणून वाचत असाल तर निदान वर्षभर एकच लेखक धरा. तुमच्या प्रश्नाचा सूर मला दुसऱ्या प्रकारचा वाटतो, म्हणून हायन्डेलला धरून सांगतो आणि स्टायनर लागेल तिथेच आणतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ही सगळी मांडणी ह्या लेखकांच्या सूक्ष्मदृष्टीच्या दाव्यावर उभी आहे, बाहेरून तपासता येईल असा पुरावा तिच्यामागे नाही. खाली मी ‘असं घडलं’ असं लिहितो तिथे ‘ह्या पद्धतीत असं मानतात’ असं वाचावं.

आधी ‘कुठे’. हायन्डेलच्या मते जगं सात: ईश्वराचं जग, कुमार आत्म्यांचं जग, दैवी आत्म्याचं जग, जीवन-आत्म्याचं जग, विचारजग, वासनाजग आणि भौतिक जग. ही एकावर एक रचलेली मजल्यांसारखी नाहीत, एकाच जागी एकमेकांत मुरलेली आहेत. आता पहिली मेख. विचारजगाचे दोन भाग पडतात, अमूर्त विचारांचा प्रदेश आणि मूर्त विचारांचा. भौतिक जगाचेही दोन: ईथरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म द्रव्याचा, प्रदेश आणि घन, द्रव, वायू असलेला रासायनिक प्रदेश. काळांचा तक्ता काढताना वरची दोन जगं लागतच नाहीत आणि खालच्या ह्या दोघांचे मात्र दोन-दोन तुकडे करावे लागतात. म्हणजे तक्त्यातही ओळी सातच येतात, पण त्या सात ओळी म्हणजे ती सात जगं नव्हेत. आकडा जुळतो, वाचक निश्चिंत होतो आणि पुढची चाळीस पानं चुकीच्या खणांत भरत जातो. अभ्यासवर्गात सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच.

तेव्हा एक आडवा कागद घ्या आणि डाव्या कडेला वरून खाली सात ओळी लिहा: दैवी आत्मा, जीवन-आत्मा, अमूर्त विचार, मूर्त विचार, वासना, ईथर, रासायनिक. वरच्या कडेला सात रकाने करा: शनी, सूर्य, चंद्र, पृथ्वी, गुरू, शुक्र, व्हल्कन. हे झाले सात काळ. प्रत्येक काळात सात गोल (जीव जिथे वाढत जातात ती ठिकाणं) असतात, ए ते जी. दुसरी मेख इथे आहे: सात गोल सात ओळींत जात नाहीत. ते चारच ओळी व्यापतात. ए आणि जी सर्वांत वरच्या ओळीत, बी आणि एफ तिच्या खाली, सी आणि ई त्याखाली आणि डी एकटा तळाला. जीवनलहर, म्हणजे एकत्र उत्क्रांत होत जाणाऱ्या जीवांची तुकडी, ए पासून उतरत डी ला पोचते आणि तिथून जी पर्यंत चढते, म्हणून जोड्या.

आता भरायला घ्या. शनिकाळात पहिल्या चार ओळी: ए-जी दैवी आत्म्याच्या जगात, बी-एफ जीवन-आत्म्याच्या जगात, सी-ई अमूर्त विचारांत, डी मूर्त विचारांत. सूर्यकाळात सगळं एक ओळ खाली सरकतं, डी वासनाजगात येतो. चंद्रकाळात आणखी एक ओळ, डी ईथरमध्ये. पृथ्वीकाळात आणखी एक, आणि डी रासायनिक प्रदेशात. हीच आपली आजची पृथ्वी, ह्याच्या खाली जागाच नाही. गुरुकाळात परत चंद्रकाळाच्याच ओळी, शुक्रकाळात सूर्यकाळाच्या, व्हल्कनकाळात शनिकाळाच्या. कागद पूर्ण झाला की मधोमध खोल गेलेली दरी दिसते. उतरणीला हायन्डेल इन्व्होल्यूशन म्हणतो, चढणीला इव्होल्यूशन. पुढे पुस्तकात कुठेही अडलात तर ह्या कागदावर बोट ठेवून ‘मी कोणत्या रकान्यात, कोणत्या ओळीत’ एवढंच विचारा.

म्हणजे शनिकाळ हा शनी ग्रह नव्हे. आपली पृथ्वी आज ज्या अवस्थेत आहे तिच्या मागच्या तीन आणि पुढच्या तीन अवस्थांना दिलेली ती नावं आहेत. क्रम लक्षात ठेवायला आठवड्याचे वार पुरतात, आणि ही युक्ती हायन्डेल आणि स्टायनर दोघांचीही आहे: शनिवार, रविवार, सोमवार, मग पृथ्वीकाळाच्या पूर्वार्धाला मंगळवार आणि उत्तरार्धाला बुधवार, पुढे गुरुवार, शुक्रवार. व्हल्कनला वार नाही. मराठी वाचकाला हे पाठ करावंही लागत नाही, इंग्रजी वाचकाला मात्र मंगळ-बुध शोधत बसावं लागतं.

राहिल्या फेऱ्या. एका काळात जीवनलहर सातही गोलांवरून सात वेळा फिरते. म्हणजे एका काळात ७ × ७ = ४९ मुक्काम, सात काळांत ३४३. आपण आज पृथ्वीकाळाच्या चौथ्या फेरीत डी गोलावर आहोत. हिशेब करून पाहा: तीन काळांचे १४७, पृथ्वीकाळाच्या तीन फेऱ्यांचे २१, चौथ्या फेरीतले ए, बी, सी हे तीन गोल. बेरीज १७१. आपण १७२ व्या मुक्कामावर आहोत. ३४३ चा बरोबर मध्य १७२. मागे १७१, पुढे १७१. ‘आपण सर्वांत जड बिंदूवर आहोत आणि इथूनच वळण आहे’ असं हे लेखक वारंवार का म्हणतात त्याचं उत्तर ह्या बेरजेत आहे. तुमचा तक्ता बरोबर झाला का हे तपासायलाही तीच वापरा.

आता पुनरावृत्ती, म्हणजे तुम्ही ‘लेखक तेच तेच का सांगतोय’ म्हणून जिथे वैतागलात ती जागा. नवं काम सुरू करण्याआधी आधीच्या सर्व कामाची उजळणी होते, असा नियम आहे. पृथ्वीकाळाच्या पहिल्या फेरीत शनिकाळाची उजळणी, दुसरीत सूर्यकाळाची, तिसरीत चंद्रकाळाची; पृथ्वीकाळाचं स्वतःचं काम चौथ्या फेरीत सुरू होतं. त्या चौथ्या फेरीतही डी गोलावर आल्यावर पुन्हा तीच उजळणी लहान मापात होते: ध्रुवीय पर्व शनिकाळाचं, हायपरबोरियन सूर्यकाळाचं, लेमुरियन चंद्रकाळाचं, आणि अटलांटियन पर्वात खरं नवं काम. म्हणून ‘सूर्यकाळ’, ‘दुसरी फेरी’ आणि ‘हायपरबोरियन पर्व’ ह्यांची वर्णनं एकसारखी वाटतात. ती एकाच गोष्टीची तीन मापं आहेत. वाचताना समासात फक्त ‘मोठं’, ‘मधलं’, ‘लहान’ असं लिहीत जा, पुढच्या वाचनात अर्धा गोंधळ गेलेला असेल.

काळांमध्ये घडलं काय? शनिकाळात स्थूल शरीराचं बीज पडलं, सूर्यकाळात प्राणशरीराचं (ईथरच्या शरीराचं), चंद्रकाळात वासनाशरीराचं, पृथ्वीकाळात मनाचं. जाणिवेच्या पायऱ्याही तशाच: शनिकाळात समाधीसारखी गुंगी, सूर्यकाळात स्वप्नरहित झोप, चंद्रकाळात स्वप्नचित्रं, पृथ्वीकाळात जागृती. तीच श्रेणी आज खनिज, वनस्पती, प्राणी आणि माणूस ह्यांत दिसते असं तो म्हणतो. ह्यावरून ‘आपण पूर्वी दगड होतो, मग झाड, मग जनावर’ असा अर्थ लोक काढतात, तो चूक आहे. आपण खनिजासारख्या अवस्थेतून गेलो, आजची खनिजं झालो नव्हतो. आजच्या प्राण्यांची लहर सूर्यकाळात निघाली, वनस्पतींची चंद्रकाळात, खनिजांची पृथ्वीकाळात. त्या आपल्या मागून येणाऱ्या वेगळ्या तुकड्या आहेत. माणूस पुढच्या जन्मी जनावर होतो हे ह्या पद्धतीला मान्य नाही, त्याचं कारणही हेच.

स्टायनरशी वाद नेमका इथे आहे. त्याच्या मांडणीत जुना शनी, जुना सूर्य, जुना चंद्र ह्यांत शरीर, ईथरशरीर आणि सूक्ष्मशरीर तयार झालं आणि पृथ्वीवर ‘मी’ आला. आत्म्याचे तीन वरचे घटक गुरू, शुक्र, व्हल्कन ह्या पुढच्या टप्प्यांत घडायचे आहेत. हायन्डेल ते तीन घटक शनी, सूर्य आणि चंद्र काळातच जागे झाले असं म्हणतो, आणि पृथ्वीकाळातलं मन हा आत्मा आणि शरीरं ह्यांना जोडणारा दुवा. दोघांच्या हिशेबात ‘मी’ पृथ्वीकाळातच कामाला लागतो, पण खण वेगळे आहेत. शिवाय स्टायनर प्रत्येक टप्प्याला एक तत्त्व देतो: शनीवर फक्त उष्णता, सूर्यावर वायू, चंद्रावर पाणी, पृथ्वीवर घनता. गोल आणि फेऱ्यांचा हिशेब त्याच्या १९१० च्या पुस्तकात फारसा नाही, म्हणून हायन्डेलचे गोल तिथे शोधू नका. प्राणशरीराला प्राणमय कोश आणि वासनाशरीराला मनोमय कोश असंही लगेच जुळवू नका. हायन्डेलकडे भावना आणि मन ही दोन वेगळी वाहनं आहेत आणि ती जुळवणी तिथेच फसते.

नावं सारखी असून खण वेगळे का, ह्याचं कारण इतिहासात आहे. गोल आणि फेऱ्यांची ही चौकट थिऑसॉफी ह्या एकोणिसाव्या शतकातल्या गूढविद्येच्या चळवळीकडून आली. ए. पी. सिनेट ह्यांच्या १८८३ च्या पुस्तकात ती आहे आणि हेलेना ब्लॅव्हॅट्स्की ह्यांनी १८८८ मध्ये ती विस्तारली. तिथेही भांडणं होतीच. सिनेटने मंगळ आणि बुध हे पृथ्वीच्याच माळेतले गोल मानले, ब्लॅव्हॅट्स्कीने ते खोडून काढलं. स्टायनर १९०२ पासून थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचा प्रमुख होता, १९१२-१३ मध्ये फुटून निघाला. हायन्डेल मूळचा डेन्मार्कचा, १९०९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. पहिली आवृत्ती त्याने स्टायनरलाच अर्पण केली होती, पुढे ती अर्पणपत्रिका गेली. रोझिक्रुशियन, म्हणजे गुलाब-क्रूसाच्या बंधुसंघाचे, म्हणून ओळखले जाणारे मूळ मजकूर मात्र १६१४, १६१५ आणि १६१६ चे, आणि त्यांत शनिकाळ-सूर्यकाळ नाहीत. तेव्हा ‘हे हजारो वर्षांचं गुप्त ख्रिस्ती ज्ञान’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. शिडी एकोणिसाव्या शतकातल्या थिऑसॉफीची आहे. ख्रिस्ती आहे तो तिचा मध्यबिंदू, त्याबद्दल पुढे.

विज्ञानाचं थोडक्यात. जुळवायला जाऊ नका. शनिकाळाला अमुक अब्ज वर्षं, सूर्यकाळाला तमुक, असे तक्ते फिरत असतात, ते निरुपयोगी आहेत. घन पदार्थ नसलेल्या अवस्थांना आपल्या वर्षांनी मोजण्यात अर्थ नाही. जिथे हे लेखक आपल्या पृथ्वीवरच्या ठोस गोष्टी बोलतात तिथे मात्र सरळ टक्कर आहे, आणि तिथे विज्ञानाचंच ऐकायचं. लेमुरिया हे नाव प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटरने १८६४ मध्ये सुचवलं. लेमरसारखे प्राणी मादागास्कर आणि भारतात कसे, ह्यासाठी बुडालेला भूभाग कल्पावा लागला होता. खंड सरकतात हे कळल्यावर त्याची गरज उरली नाही. अटलांटिकच्या तळाशी बुडालेला खंड सापडत नाही. मानवसदृश वानर हे मानवी लहरीतून मागे पडलेले, घसरलेले जीव असं हायन्डेल सांगतो. जीवशास्त्र समान पूर्वज सांगतं. ही पर्वं जाणिवेच्या अवस्थांची चित्रं म्हणून वाचता आली तर ठेवा, भूगोल म्हणून ठेवू नका.

ह्याच प्रकरणांत वंशांची चढती भाजणी आहे, कोण पुढारलेले आणि कोण मागे राहिलेले. स्टायनरकडेही तशी विधानं आहेत. ‘त्याचा गूढ अर्थ वेगळा आहे’ अशी सारवासारव मी करत नाही. तो त्या काळातल्या युरोपचा पूर्वग्रह आहे आणि मांडणीतून तो काढून टाकला तरी वरचा तक्ता जसाच्या तसा उभा राहतो. ज्या गटात हा भाग आवडीने वाचला जातो तिथून उठावं.

आता ‘हे ख्रिस्ती आहे का’. ह्याचं उत्तरही त्या कागदावर आहे, आणि मला सगळ्या मांडणीत हाच भाग सर्वांत घट्ट विणलेला वाटतो. नियम असा: ज्या काळात जो वर्ग ‘मानव’ अवस्थेत होता, तो त्या काळातल्या सर्वांत जड गोलाच्या द्रव्याने बांधणी करायला शिकला. शनिकाळात मानव अवस्थेत होते ते मनाचे अधिपती. त्यांचा डी गोल मूर्त विचारांत, म्हणून ते मनोद्रव्याचे जाणकार. सूर्यकाळात महादेवदूत, डी वासनाजगात, म्हणून ते वासनाद्रव्याचे. चंद्रकाळात देवदूत, ते ईथरचे. पृथ्वीकाळात आपण, रासायनिक द्रव्याचे. ह्या क्रमात हायन्डेल पिता म्हणजे शनिकाळातला सर्वोच्च दीक्षित, ख्रिस्त म्हणजे सूर्यकाळातला आणि यहोवा, म्हणजे जुन्या करारातला देव, हा चंद्रकाळातला, असं मांडतो.

ख्रिस्त सूर्यकाळातला असेल तर त्याला उतरता येईल ते वासनाशरीरापर्यंत. प्राणशरीर आणि स्थूल शरीर बांधण्याचा अनुभव त्या वर्गाला नाही, कारण त्यांच्या काळात ईथर आणि रासायनिक प्रदेशात गोलच नव्हता. सूर्याचा रकाना पाहा, खालच्या दोन ओळी कोऱ्या आहेत. माणसांत माणूस म्हणून वावरायला ही दोन वाहनं कुणाकडून तरी घ्यायला हवीत. ती आपल्याच लहरीतल्या येशूने यार्देन नदीतल्या बाप्तिस्म्याच्या वेळी दिली आणि ख्रिस्ताने ती तीन वर्षं वापरली. गोलगोथावर, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या जागी, रक्त वाहिलं तेव्हा ख्रिस्त पृथ्वीत शिरला, तिचा अंतर्यामी ग्रहात्मा झाला आणि तिचं वासनाजग शुद्ध केलं. उतरणीचं वळण चढणीकडे फिरवायला जोर कुठून आला, ह्याचं ह्या पद्धतीतलं उत्तर हेच. हा बिंदू काढला तर उरते ती थिऑसॉफी. स्टायनरही गोलगोथाची घटना पृथ्वीच्या इतिहासाचा मध्य मानतो, तपशील मात्र वेगळे देतो. त्याच्याकडे मत्तय आणि लूक ह्यांच्या वंशावळींवरून दोन येशूबालकांची कथा आहे, ती हायन्डेलमध्ये मिसळू नका.

मुख्य प्रवाहातल्या चर्चला हे मान्य नाही. येशू आणि ख्रिस्त दोन व्यक्ती, पूर्वास्तित्व, पुनर्जन्म, सगळंच श्रद्धासूत्रांच्या बाहेर जातं. १९१९ मध्ये रोमच्या होली ऑफिसने (कॅथलिक शिकवणीवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाने) थिऑसॉफीची शिकवण कॅथलिक सिद्धान्ताशी जुळत नाही असं स्पष्ट केलं. म्हणून ‘ख्रिस्तकेंद्री गूढविद्या’ म्हणणं प्रामाणिक, ‘खरा मूळ ख्रिस्ती धर्म’ म्हणणं नाही. ‘पुनर्जन्म बायबलमध्ये होता, ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने काढून टाकला’ हे वाक्य तुम्हाला भेटेलच. त्या परिषदेशी जोडलेल्या निषेधांचा रोख ओरिजेन ह्या तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंताच्या नावाने चाललेल्या आत्म्याच्या पूर्वास्तित्वाच्या मतावर होता. बायबलच्या मजकुरातून तिथे काहीही काढलं गेलं नाही. आणि बाप्तिस्मा देणारा योहान हा जुन्या करारातल्या एलिया संदेष्ट्याचा पुनर्जन्म, हा अर्थ स्वतः ओरिजेनने मत्तयावरच्या भाष्यात नाकारला आहे. गूढवादी मत्तय ११:१४ आणि योहान ९:२ दाखवतात, विरोधक इब्री ९:२७ दाखवतात. तिन्ही वचनं स्वतः काढून वाचा, पाच मिनिटांचं काम आहे.

रोज करायचं काय? विश्वरचना पाठ होण्याची वाट पाहू नका, पण सरावाचं कारण तिच्यातूनच निघतं. मृत्यूनंतर साधारण साडेतीन दिवस सरलेल्या आयुष्याचा पट शेवटाकडून सुरुवातीकडे दिसतो, मग वासनाजगाच्या खालच्या तीन प्रदेशांत शुद्धिवास, वरच्या तीन प्रदेशांत पहिला स्वर्ग. शुद्धिवासाचा काळ जगलेल्या आयुष्याच्या सुमारे एक तृतीयांश. तिथे दुसऱ्याला दिलेलं दुःख स्वतः भोगावं लागतं. हायन्डेलचं म्हणणं, हेच काम रोज रात्री केलं तर साठतच नाही. त्याला तो रेट्रोस्पेक्शन म्हणतो, आपण उलट उजळणी म्हणू.

अंथरुणावर पडल्यावर शरीर सैल सोडा. शेवटच्या प्रसंगापासून सुरू करून सकाळच्या जागेपर्यंत मागे मागे जा. उलट क्रम मुद्दाम आहे: आधी परिणाम समोर येतो, मग त्याचं कारण. सरळ क्रमाने गेलं की मन लगेच आपल्या बाजूची कैफियत मांडायला लागतं. जिथे कुणाला दुखावलं तिथे थांबून ते त्याच्या बाजूने जाणवू द्या. जिथे बरं वागलात तिथला आनंदही तसाच घ्या. जाणवणं हाच सरावाचा गाभा. नुसती यादी केली तर स्मरणशक्तीचा व्यायाम होतो, दुसरं काही नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. बहुतेकांना दुपारपर्यंत पोचण्याआधी झोप लागते. तसं होत असेल तर पहिले पंधरा दिवस बसून करा आणि फक्त संध्याकाळपासूनचा तुकडा घ्या, मग वाढवा. काहींची उजळणी उद्याच्या कामांच्या यादीत घसरते. तसं जाणवलं की भांडायचं नाही, सुटलेल्या प्रसंगावर परत यायचं. काही जण स्वतःला झोडपत बसतात. पश्चात्ताप एकदा खोलवर झाला की प्रसंग सोडून पुढे जायचं, उद्या पुन्हा तोच उकरायचा नाही. नैराश्य किंवा सतत अपराधी वाटण्याचा त्रास आधीपासून असेल तर हा सराव तूर्त बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. आणि खंड पडू देऊ नका, कारण ह्या पद्धतीत प्राणशरीर बदलतं ते पुनरावृत्तीने. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज दहा मिनिटं.

सकाळी जाग आल्याबरोबर, हालचाल न करता, एकाच विषयावर एकाग्रता. पाच मिनिटं धरा. विषय साधा असू द्या आणि महिनाभर तोच ठेवा. रोज नवा विषय घेतला की मन विषय निवडण्यातच रमतं. चक्रं, श्वास रोखणं असलं काही ह्यात आणू नका. दोन पद्धतींची औषधं एकत्र घेतली की गुण आला तरी कशाचा ते कळत नाही, आणि बाधलं तरीही नाही.

वाचनाचा क्रम मी असा देतो. पहिला भाग, म्हणजे पहिली चार प्रकरणं, पुन्हा एकदा. मग तक्ता हाताशी घेऊन पाच ते आठ. तिथून थेट पंधरावं, ख्रिस्ताबद्दलचं. नऊ ते चौदा शेवटी ठेवा. मागे राहिलेले जीव, सूर्यमालेची उत्पत्ती, वंश, उत्पत्तीच्या पुस्तकाचा अर्थ ही सगळी काटेरी प्रकरणं तिथे आहेत आणि मध्यबिंदू माहीत नसताना वाचली तर वाट चुकते. आठवड्याला एक प्रकरण, त्याहून जास्त नाही. स्टायनर एक वर्षाने उघडा आणि त्याच्यासाठी नवा कागद घ्या, जुन्या कागदावर खाडाखोड नको.

त्या गटाबद्दल. हायन्डेलची भूमिका स्वच्छ होती: आध्यात्मिक शिकवण आणि दीक्षा विकायची वस्तू नव्हे. त्याने १९०९ मध्ये काढलेल्या रोझिक्रुशियन फेलोशिपमध्येही शिकवणीचं शुल्क नव्हतं. छापील पुस्तकाची किंमत किंवा जागेच्या भाड्यातला वाटा मागणं वेगळं, ‘पुढची पायरी’ उघडायला रक्कम मागणं वेगळं. शिवाय त्याच्या मते दीक्षा म्हणजे आत आधीच जमलेल्या शक्तीला वाट दाखवणं. ती जमलेली नसेल तर कुणीही काही देऊ शकत नाही, आणि जमली असेल तर पैशाने अडवू शकत नाही. त्यांना दोनच गोष्टी विचारा: रोजचा सराव कोणता आणि तो का, हे तक्त्यावर बोट ठेवून सांगता येईल का, आणि मध्येच सोडलं तर काय होईल. पहिल्याला टाळाटाळ झाली किंवा दुसऱ्याला धमकीचा वास आला, तर जाऊ नका.